खुले आहे, पण कोणासाठी? रायगडच्या किनाऱ्यावरचा रेडिओ आणि आपण

'ओपन सोर्स म्हणजे सर्वांसाठी खुले' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर प्रश्न विचारावा असे कोणाला वाटतच नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, कोड उघडा आहे, कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. मग अडचण कुठे आहे? ज्याला शिकायचे तो शिकेल, जो शिकला नाही तो आळशी! आरक्षणाच्या विरोधात बोलणारे 'आता सगळ्यांना संधी सारखीच आहे' असे ज्या सुरात म्हणतात, तोच हा सूर आहे.

गेले दीड वर्ष आम्ही काही कार्यकर्ते श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूच्या एका वस्तीत सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, थोडक्यात एसडीआर, चालवण्याचा खटाटोप करीत आहोत. समाजमंदिराच्या गच्चीवर अँटेना आहे, खाली एक जुना लॅपटॉप आहे आणि भोवती दहावी-बारावीची, आयटीआयची पोरे-पोरी आहेत. या दीड वर्षात रेडिओ चालला त्यापेक्षा बंद पडला जास्त. पण त्या बंद पडण्यातूनच आमचे एक मत पक्के झाले. जी वस्तू बिघडल्यावर आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ती वस्तू आपल्यासाठी खुली नाही. परवान्यात काहीही लिहिलेले असो.

कागदावरचे खुलेपण आणि ओंजळीतले पाणी

रायगड जिल्ह्यात राहून हा मुद्दा समजायला फार लांब जावे लागत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे परवाना मिळाला होता, कोड उघडा होता! तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याला आपल्या माणसांचा हात लागला नव्हता. तो लागला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, आणि त्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. पुढे त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १९३७ साल उजाडले.

आता हवेकडे पाहा. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हा निकाल येऊन तीस वर्षे उलटली. आपल्या किती वस्त्यांना ठाऊक आहे की आपल्या डोक्यावरून दिवसातून अनेकदा हवामानाचे उपग्रह जातात आणि काही हजार रुपयांच्या उपकरणाने त्यांचे चित्र थेट उतरवता येते? तळे सार्वजनिक, हवाही सार्वजनिक. ओंजळ भरायची वेळ आली की मात्र आपण काठावरच.

हे उपकरण आहे तरी काय?

जुन्या रेडिओत कोणते केंद्र ऐकायचे हे कॉइल आणि कंडेन्सर ठरवतात. एसडीआरमध्ये अँटेनाकडून आलेल्या लहरींचे सरळ आकडे केले जातात आणि पुढचे सगळे काम संगणकावरचा प्रोग्रॅम करतो. प्रोग्रॅम बदलला की तेच उपकरण कधी एफएम रेडिओ होते, कधी जहाजांचे संदेश वाचते, कधी उपग्रहाचे चित्र उतरवते.

यातले सर्वात स्वस्त उपकरण म्हणजे अंगठ्याएवढे यूएसबी डोंगल. त्यात आरटीएल२८३२यू नावाची चिप असते. मुळात ते लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनले. २०१२ च्या सुमारास अँटी पालोसारी आणि ऑस्मोकॉम प्रकल्पातील मंडळींनी दाखवून दिले की ही चिप कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते. साधारण २४ ते १७५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ऐकू शकते. पूर्वी ज्या कामाला लाखांची यंत्रे लागत, त्यातले बरेचसे काम या खेळण्यावर होऊ लागले. त्याच्या जोडीला एरिक ब्लॉसम यांनी २००१ मध्ये सुरू केलेला जीएनयू रेडिओ, आणि उपग्रहांची चित्रे उलगडणारा सॅटडंप, असे सगळे फुकट प्रोग्रॅम.

मग या किनाऱ्यालाच त्याची गरज का? ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल बंद पडले, कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातील तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा वेळी गावातल्या मोठ्या घरांना कुठून ना कुठून खबर लागते. आपली वाडी गावाच्या कडेला. खबर पोहोचते शेवटी, पंचनामाही शेवटी. एक रेडिओ हे सगळे बदलेल असे आम्ही म्हणत नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्याला तो पर्यायही नाही. पण टॉवर पडल्यावरही आकाशातून जे थेट येत असते, ते वाचणारे दोन-चार जण प्रत्येक वस्तीत असायला काय हरकत आहे?

जन्मावरून धंदा

पहिलाच दिवस. डोंगल लॅपटॉपला लावले, प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली : यूएसबी क्लेम इंटरफेस एरर, उणे सहा. पोरांचे चेहरे उतरले. 'बिघडलेला माल आला' म्हणून ते परत पाठवायची तयारी सुरू झाली.

माल चांगलाच होता. या ओळीचा अर्थ एवढाच की उपकरण आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहे. कोणाच्या? खुद्द लिनक्सच्या. प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या पोटात एक ओळखक्रमांक कोरलेला असतो. डोंगल लावल्याबरोबर लिनक्सचा कर्नेल तो क्रमांक पाहतो, हा टीव्हीवाला आहे असे ठरवतो आणि टीव्हीचा ड्रायव्हर त्याच्या मानेवर बसवतो. मग दुसरा कोणताही प्रोग्रॅम त्याला हात लावू शकत नाही. त्याची खरी क्षमता काय आहे हे कोणी विचारतच नाही. जन्माचा शिक्का पाहिला आणि धंदा ठरवून टाकला! आयटीआयचा एक पोरगा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे यालाही गावातल्यासारखाच न्याय लागला की."

उपाय एका ओळीचा आहे. मॉडप्रोबच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करायची आणि डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करायचे. संगणक पुन्हा चालू केला की डोंगल मोकळे होते.

मग दुसरी ओळ येते : यूएसबी ओपन एरर, उणे तीन. आता ताबा कोणाचा नसतो, परवानगी नसते. प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्रॅम चालवला तर उपकरण उघडते, साध्या वापरकर्त्याला ते बंद. बरेच जण प्रत्येक वेळी प्रशासकाचा पासवर्ड देऊन काम चालवतात. ते टाळावे. यूडेव्हची नियमफाइल प्रोग्रॅमबरोबरच मिळते. ती जागेवर ठेवून डोंगल काढून परत लावले की साध्या वापरकर्त्यालाही हक्क मिळतो. दर वेळी मोठ्याच्या मेहेरबानीने दार उघडण्यापेक्षा नियमच बदलून घेतलेला बरा. हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गोंगाट कुठून येतो?

डोंगल चालू झाले तरी उपग्रहाचा आवाज येईना. पडद्यावर सगळीकडे आडव्या-उभ्या रेघा, जणू कोणी कंगव्याने ओढल्या आहेत. पण हे फक्त संध्याकाळी व्हायचे. सकाळच्या फेरीला पडदा बऱ्यापैकी स्वच्छ असायचा.

यावर इंजिनिअर झालेल्यांनी फोनवरून बरीच मते दिली. सापडले ते वस्तीतल्या बारावीच्या एका मुलीला. तिने कोणतीही थिअरी मांडली नाही. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, समाजमंदिराचा मेन स्विच बंद केला आणि पडद्याकडे पाहिले. रेघा थोड्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. म्हणजे थोडा गोंगाट आतला, बाकीचा बाहेरचा. मग आतल्या वस्तू एकेक करून चालू केल्या : पंखा, ट्यूब, मोबाइलचा चार्जर, एलईडी बल्ब. चार्जर आणि दोन स्वस्त बल्ब पकडले गेले. बाहेरच्या गोंगाटासाठी ती तीन संध्याकाळी घड्याळ घेऊन बसली. वस्तीच्या तोंडाशी असलेला एलईडी पथदिवा लागतो त्याच मिनिटाला रेघा येतात, हे तिने वहीत मांडून दाखवले. अशा दिव्यांतले स्वस्त वीजपुरवठ्याचे सर्किट एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्याच्या लहरी हवेत पसरतात.

दिवा बंद करायचा का? मुळीच नाही! तो दिवा मिळवायलाच वस्तीला अर्ज करून करून वर्षे लागली होती. अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली, केबलवर फेराइटच्या कड्या चढवल्या, आतला चार्जर बदलला. गोंगाट पूर्ण गेला नाही, पण उपग्रह त्याच्या वर ऐकू येऊ लागला.

गोंगाट मोजायचा आणि त्यापासून दूर जायचे, ही रीत याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी वापरली गेली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक मोजमापे बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारली. काही काळ दोन्ही ठिकाणी एकत्र मोजमापे घेऊन आकडे जुळवले आणि मग कुलाब्याचे काम थांबवले. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा आजही काम करते आहे. आपली शाळेची सहल किल्ला आणि समुद्र बघून परत येते, या वेधशाळेची गोष्ट मास्तर सांगत नाहीत. बारावीच्या त्या मुलीने घड्याळ आणि वही घेऊन जे केले ते मूस यांच्याच जातकुळीचे काम आहे. येथे 'जातकुळी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण शोधाची कुळी जन्माने मिळत नाही.

मोठ्याचा आवाज, छोट्याचा आवाज

तिसरा त्रास एफएम केंद्रांचा. जिथे कोणतेही केंद्र नाही अशा जागी सिनेमाची गाणी ऐकू येत होती. हे डोंगल आकडे मोजते आठ बिटांत, म्हणजे सगळ्यात बारीक आवाजापासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत त्याच्याकडे फक्त २५६ पायऱ्या. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधले एखादे दणदणीत केंद्र आत घुसले की त्या सगळ्या पायऱ्या तेच खाते. त्याची भुते भलतीकडे दिसू लागतात आणि उपग्रहाचा क्षीण आवाज पायरीखाली चिरडला जातो.

नवखा माणूस अशा वेळी गेन वाढवतो. आवाज येत नाही, तर बटण पुढे ढकला! त्याने गोंधळ वाढतो. गेन आपोआपवर ठेवू नये. हाताने शून्यापासून एकेक पायरी चढवावी, आणि जिथे संदेश वाढायचा थांबून नुसता तळाचा गोंगाट वाढू लागतो त्याच्या एक पायरी अलीकडे थांबावे. त्यानेही भागले नाही तर एफएम पट्टा अडवणारा फिल्टर अँटेना आणि डोंगलच्या मध्ये लावावा. सभेत एकाच पुढाऱ्याचा माईक फुल असेल तर मागच्या बाईचा प्रश्न ऐकू येत नाही. सगळ्यांचे माईक वाढवून तो ऐकू येणार नाही, पुढाऱ्याचाच कमी करावा लागतो.

याच्याच शेजारचा एक प्रश्न म्हणजे फ्रीक्वेन्सीची चूक. स्वस्त डोंगलमधला क्रिस्टल दशलक्षात पन्नास भागांनी सरकलेला असू शकतो. जहाजांचे एआयएस संदेश १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर येतात. तिथे पन्नास भाग म्हणजे सुमारे आठ किलोहर्ट्झ, आणि एक चॅनेल असतो पंचवीस किलोहर्ट्झचा. म्हणजे नेम एक तृतीयांश चॅनेलने चुकला. न्हावा-शेवाकडे जाणारी जहाजे समोर दिसतात, पण प्रोग्रॅम एकही नाव दाखवत नाही. उपाय असा : डोंगल दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावे, मग जीएसएम मोबाइल टॉवरच्या अचूक लहरीशी तुलना करणाऱ्या कॅलिब्रेट प्रोग्रॅमने फरक मोजावा आणि तो आकडा सेटिंगमध्ये भरावा. तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल असलेले डोंगल घेतले तर हा त्रास जवळजवळ जातो. मात्र चांगल्या डोंगलसारखे हुबेहूब दिसणारे नकलीही बाजारात आहेत. डबीवरच्या छपाईवर विश्वास ठेवू नये, मोजून पाहावे.

मीठ

हा बिघाड कोणत्याही इंग्रजी पुस्तिकेत ठळक अक्षरांत सापडत नाही, कारण त्या लिहिणारे बहुतेक खाऱ्या वाऱ्यात राहत नाहीत. पहिल्या पावसाळ्यानंतर आमचे स्टेशन हळूहळू बहिरे झाले. प्रोग्रॅम ठीक, डोंगल ठीक, गोंगाट जुनाच. संदेश मात्र महिन्यागणिक बारीक होत गेला.

आम्ही एका कोळी नाखव्यांना गच्चीवर बोलावले. त्यांच्या होडीवर वायरलेस सेट आहे आणि त्याची केबल वर्षानुवर्षे टिकते. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलेसुद्धा नाही. कनेक्टर उघडला, हिरवी पडलेली तांब्याची तार दाखवली आणि म्हणाले, "बाबांनो, आधी मीठ बघायचं, मग मशीन." केबलच्या टोकातून खारे पाणी आत झिरपते, वेणीसारखी विणलेली बाहेरची तार काळी-हिरवी पडते आणि संदेश वाटेतच जिरतो. वरून सगळे ठाकठीक दिसते.

खराब झालेला हातभर तुकडा कापला, नवा कनेक्टर बसवला, त्यावर आपलाच आपल्याला चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळला. कनेक्टरचे तोंड खाली ठेवले आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. अँटेना तर आम्ही जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियम नळ्यांचीच केली आहे : सुमारे ५३ सेंटिमीटरचे दोन हात, मध्ये १२० अंशांचा कोन, जमिनीला आडवी.

हे नाखवे शाळा किती शिकले हे आम्ही विचारले नाही. पण त्या दिवशी गच्चीवर सर्वात जाणकार इंजिनिअर तेच होते. जातिव्यवस्था म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. हाताने काम करणाऱ्याला डोके नसते आणि डोक्याने काम करणाऱ्याने हात मळवायचे नाहीत, हा तिचाच नियम आहे. बिघाड शोधण्याचे काम हा नियम मोडते, कारण हाताशिवाय डोक्याला आणि डोक्याशिवाय हाताला बिघाड सापडतच नाही.

जो बिघाड आपला नसतो

एक प्रकार मात्र सर्वात जास्त पोरांना घरी पाठवतो. पुस्तिकेत लिहिले आहे तसे सगळे करूनही काहीच येत नाही. पोरगा मनात म्हणतो, आपल्याला हे जमणारे नाही.

हवामान उपग्रहांवरच्या बहुतेक जुन्या मार्गदर्शिका सांगतात की नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकी उपग्रहांची चित्रे उतरवा. नवशिक्यांसाठी ते सर्वात सोपे होते. पण नोआ-१८ जून २०२५ मध्ये आणि नोआ-१५ व १९ ऑगस्ट २०२५ मध्ये बंद करण्यात आले. मार्गदर्शिका तशाच आहेत. त्या वाचून कोणी आज १३७.१ मेगाहर्ट्झवर नोआ-१९ ची वाट पाहत बसला तर त्याला काय मिळणार? बोलणाराच गेला आहे. आता रशियाच्या मेटिओर-एम मालिकेतील एन२-३ आणि एन२-४ हे उपग्रह १३७.९ किंवा १३७.१ वर डिजिटल चित्रे पाठवतात आणि ती सॅटडंपने उलगडता येतात. आम्हीही त्यांच्याकडेच वळलो. एक फेरी दहा-पंधरा मिनिटांची. कित्येक फेऱ्या कोऱ्या गेल्यावर एका सकाळी ओळीमागून ओळ उतरत गेली आणि मुंबईचे बंदर व खाली सरकत जाणारी कोकणची किनाररेषा ओळखता आली. आपली वाडी त्यात दिसत नव्हती. पण चित्र मात्र आपल्या वाडीतल्या गच्चीवर उतरले होते.

जीएनयू रेडिओचेही तसेच. २०१९ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीने जुनी फाइलपद्धत बदलली आणि पायथॉनची नवी आवृत्ती आणली. त्याआधीचे आराखडे नव्या आवृत्तीत सरळ उघडत नाहीत आणि जुनी जोडसॉफ्टवेअरे बांधली जात नाहीत. आकडे गळाले असा इशारा येत असेल तर सॅम्पल रेट सेकंदाला २४ लाखांच्या वर ठेवू नये आणि लांब, स्वस्त यूएसबी केबल काढून पाहावी.

आपल्या पोरांना लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली असते : जमले नाही तर दोष तुझा. परीक्षेत, मुलाखतीत, हॉस्टेलमध्ये, सगळीकडे. बिघाड शोधण्याची शिस्त त्यांना पहिल्यांदा सांगते की थांब, आधी तपास. दोष उपकरणाचा असेल, केबलचा असेल, पुस्तिकेचा असेल, आकाशातल्या उपग्रहाचा असेल. न तपासता स्वतःला दोषी धरू नकोस. आमच्या मते सगळ्या खटाटोपाची खरी कमाई ही आहे.

वहीचे चार रकाने

म्हणून आम्ही एक साधी वही ठेवली आहे. चार रकाने : लक्षण, तपासणी, कारण, उपाय. सगळे मराठीत. इंग्रजी एरर देवनागरीत जशीच्या तशी उतरवायची आणि खाली तिचा अर्थ लिहायचा. नियम तीन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी ओळखीचे दणकट एफएम केंद्र लावून पाहायचे. ते लागले तर डोंगल आणि प्रोग्रॅम जिवंत आहेत, पुढचा शोध अँटेनाकडे. आणि उपाय सापडला तरी कारण लिहिल्याशिवाय पान उलटायचे नाही.

या वहीवरून शेजारच्या वाडीतल्या दोन पोरांनी आमच्यापैकी कोणालाही न बोलावता आपले स्टेशन लावले. आमच्यासाठी 'खुले' या शब्दाचा अर्थ त्या दिवशी पुरा झाला.

काही आक्षेप

काही जण म्हणतील, वस्तीत रोजगार नाही, मुलांची फी भरायला पैसे नाहीत, आणि यांना रेडिओ सुचतोय. प्रश्न रास्त आहे. पण व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना वीज, पाटबंधारे आणि तांत्रिक शिक्षण ही खाती-योजना बाबासाहेब इतक्या बारकाईने का हाताळत होते? भुकेचा प्रश्न सुटल्यावर विजेचे बघू, असे ते म्हणाले नाहीत. मोबाइल दुरुस्ती, सीसीटीव्ही, होडीवरची यंत्रे, टॉवरची देखभाल या सगळ्या कामांची मुळाक्षरे याच वहीत आहेत.

दुसरा आक्षेप : मोबाइलच्या ॲपवर सगळे दिसते. दिसते, टॉवर उभा असेपर्यंत. शिवाय ॲप उत्तर देते, रीत दाखवत नाही. उत्तरासाठी कायम दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे की विहीर कशी खणतात ते शिकायचे?

तिसरा आक्षेप तोंडावर कोणी घेत नाही, पण तो सर्वात जड आहे. बंगल्यावरच्या डिश अँटेनाला कोणी काही विचारत नाही. आपल्या समाजमंदिरावर दोन नळ्या लागल्या तर गावातले एक पुढारी विचारत आले, "हे काय चाललंय? कोणाशी बोलता?" म्हणून नियम स्पष्ट ठेवा. आपण फक्त ऐकतो, बोलत नाही. प्रसारणासाठी परवाना लागतो. बोलायचे असेल तर केंद्र सरकारची हॅम रेडिओची परीक्षा द्या, आणि नक्की द्या. ऐकायचे ते सर्वांसाठी सोडलेले संदेश : हवामानाची चित्रे, जहाजांची एआयएस माहिती, रेडिओ केंद्रे. पोलीस, संरक्षण दल किंवा कोणाचे खासगी बोलणे यांच्या वाटेला जायचे नाही. चालू नियम वाचा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पोच घ्या, वही उघडी ठेवा. त्या पुढाऱ्यांनाही आम्ही खुर्ची दिली आणि वही दाखवली. ते चहा पिऊन गेले.

मित्रांनो, हे सगळे वाचून लगेच डोंगल मागवा असे आम्ही म्हणत नाही. आधी तुमच्या वस्तीत बंद पडलेले काय आहे ते शोधा : पंप असेल, सोलर दिवा असेल, विहारातला स्पीकर असेल. चार रकाने आखा. त्या कामावर बारावीतल्या मुलींना बसवा, मेकॅनिकला आणि नाखव्याला मानाने बोलावा, आणि सापडेल ते मराठीत लिहून पुढच्या वाडीला द्या. जिथे रेडिओ लावता येईल तिथे तो लावाच. पुढचा पावसाळा येण्याआधी कनेक्टर उघडून मीठ तेवढे बघून घ्या.

जय भीम!